हाड एक, मापं चार

*डॉक्टर साहेब, नमस्कार. आम्ही उदगीर तालुक्यातले. माझा धाकटा भाऊ, वय २६, मोंढ्यात हमाली करतो. मागच्या शनिवारी रात्री गाडी घसरून डाव्या खांद्यावर पडला आणि कॉलर बोन मधोमध मोडलं. उदगीरला एक्स-रे काढला. ते डॉक्टर म्हणाले, हाड एक सेंटिमीटर आखूड झालंय, पट्टा बांधा, जुळेल. लातूरला नेलं तर तिथं परत एक्स-रे काढला आणि म्हणाले अडीच सेंटिमीटर, प्लेट टाकावी लागेल. मामेभावाच्या ओळखीतल्या पुण्याच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, ते म्हणाले दीड असेल. चुलत्यांनी फिल्म खिडकीला धरून फूटपट्टी लावली तर आठ मिलिमीटर भरलं! पाच दिवसांत हाड एवढं कमी-जास्त होतं का? कुणाचं खरं धरायचं? भावाला पुन्हा कट्टे उचलता येतील का? घरातले म्हणतात हाडवैद्याकडं नेऊ, तो ओढून बसवतो. आईला वेगळाच घोर लागलाय, खांदा असाच उतरलेला राहिला तर लग्न कसं जमायचं. — एक बहीण*

ताई, चुलत्यांचं माप तेवढं बाजूला ठेवा. बाकी तिघांपैकी कुणीही तुम्हाला फसवलेलं नाही. एक, दीड आणि अडीच ही तिन्ही मापं एकाच हाडाची, एकाच आठवड्यातली असू शकतात. कशी, ते सांगतो. पण आधी घाईचं. मोडलेलं टोक आतून टोचून कातडी ताणली गेली असेल, पांढरी पडली असेल, तिथं जखम असेल, हाताला मुंग्या येत असतील, बोटं गार लागत असतील किंवा श्वास घेताना दम लागत असेल, तर हे वाचत बसू नका. आजच्या आज न्या. यातलं काही नसेल तर विचार करायला तुमच्या हातात थोडे दिवस आहेत.

कॉलर बोन मोठ्या माणसात साधारण १५ सेंटिमीटरचं असतं. छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत ते आडवं जातं आणि खांद्याला छातीपासून लांब धरून ठेवतं. हाताला धडाशी जोडणारा हाडाचा सांधा काय तो या एकाच हाडाचा, बाकी सगळी कामगिरी स्नायूंची. हे हाड मोडतं तेव्हा दहापैकी आठ वेळा मधल्या तिसऱ्या भागातच मोडतं, कारण तिथं ते बारीक आहे आणि वरून स्नायूंचं पांघरूण नाही. मोडलं की मानेचा स्नायू आतला तुकडा वर उचलतो, हाताचं वजन बाहेरचा तुकडा खाली ओढतं आणि छातीचे स्नायू त्याच तुकड्याला आत खेचतात. तुकडे एकमेकांवर चढतात आणि खांदा छातीकडे सरकतो. डॉक्टर ज्याला शॉर्टनिंग म्हणतात ते हेच.

आता तुमच्या मापांकडे येऊ. मला पहिला प्रश्न पडला तो असा, की उदगीरची फिल्म झोपवून काढली होती का? अपघात रात्रीचा, पोरगा कळवळतोय, अशा वेळी टेबलावर आडवं करूनच एक्स-रे काढतात आणि ते योग्यच आहे. पण आडवं झाल्यावर हाताचं वजन खांद्याला ओढत नाही. तुकडे थोडे जागेवर येतात आणि आखूडपणा कमी दिसतो. तोच माणूस उभा राहिला की हात लोंबतो, खांदा खाली आणि आत घसरतो, माप वाढतं. एकाच रुग्णाच्या आडव्या आणि उभ्या फिल्म शेजारी ठेवून हे तपासून झालंय. उभ्या फिल्ममध्ये तुकडे जास्त सरकलेले आणि जास्त आखूड दिसतात. लातूरला तुमचा भाऊ स्वतःच्या पायांनी चालत गेला असणार आणि तिथं उभ्यानं फिल्म निघाली असणार. तसं असेल तर एक आणि अडीच यांत भांडण फारसं उरत नाही.

शिवाय तुम्ही विचारलंय तसं, पाच दिवसांत हाड खरंच थोडं कमी-जास्त होऊ शकतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तुकडे हळूहळू सरकतात. सुरुवातीला जागेवर वाटलेलं हाडही पुढं घसरलेलं मी पाहिलंय. म्हणून पहिल्या रात्रीच्या फिल्मवर कायमचा निकाल लावू नये, ना पट्ट्याचा ना प्लेटचा.

दुसरी गोष्ट, फिल्म कोणत्या बाजूनं आणि किती कोनातून काढली. हे हाड सरळ नाही. वरून पाहिलं तर दोन उलट वळणं घेऊन जातं. एक्स-रे म्हणजे त्याची सपाट सावली. मोडलेला तुकडा पुढं वळला असेल तर सावली आणखी लहान पडते. खांद्याच्या फिल्मसाठी एक्स-रेची नळी वर कलवून जो फोटो काढतात तो तुकडे वर-खाली किती सरकलेत हे बघायला चांगला, लांबी मोजायला नाही. लांबीसाठी मला विचाराल तर छातीची उभी फिल्म हवी. रुग्णाची छाती एक्स-रे मशीनच्या प्लेटला टेकलेली, एक्स-रे पाठीकडून, दोन्ही कॉलर बोन पूर्ण आलेली. हे हाड छातीच्या पुढच्या बाजूला असल्यामुळे या पद्धतीत ते प्लेटच्या जवळ राहतं आणि सावली कमी फुगते. पाठ टेकवून काढली तर जास्त फुगते. माणूस थोडा वळून उभा राहिला तरी एक बाजू लांब आणि दुसरी आखूड दिसते. त्यासाठी मणक्याची मधली खूण दोन्ही हाडांच्या आतल्या टोकांपासून सारख्या अंतरावर आहे का, हे आधी बघायचं. नसेल तर ती फिल्म मोजायच्या कामाची नाही, कितीही स्वच्छ निघालेली असो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. मोजलं काय? पुष्कळ जण तुकड्यांची टोकं एकमेकांवर किती चढलीत तेवढंच मोजतात आणि तो आखूडपणा म्हणून सांगतात. आडवं, सरळ मोडलेलं हाड असेल तर ते चालून जातं. पण कॉलर बोन बहुतेक वेळा तिरकं मोडतं. तुमच्याकडं ऊसतोडीचा कोयता तिरका बसला की उसाचं टोक कसं लांबट निघतं ते आठवा. ते दोन तुकडे पुन्हा तंतोतंत जुळवून धरले तरी दोन्ही टोकं एकमेकांच्या शेजारून बोटभर गेलेली दिसतात. ऊस मात्र तसूभरही आखूड झालेला नसतो. तिरक्या फ्रॅक्चरचं असंच आहे. टोकापासून टोकापर्यंत मोजलं तर आखूडपणा भलताच जास्त येतो. मोजायचं ते मोडण्याआधी एकमेकांना चिकटलेले दोन बिंदू आता किती दूर गेलेत. ते बिंदू ओळखता येत नसतील, हाडाचा चुरा झाला असेल, तर सोपा मार्ग असा की मोडलेल्या बाजूची पूर्ण लांबी, आतल्या टोकापासून खांद्याच्या सांध्यापर्यंत, चांगल्या बाजूशी ताडून बघायची.

त्यातही एक मेख आहे. देवानं दोन्ही बाजू सारख्या घडवलेल्या नाहीत. निरोगी माणसाच्या दोन कॉलर बोनमध्येही पाच-सहा मिलिमीटरचा फरक सहज सापडतो आणि बऱ्याच जणांत डावं हाड उजव्यापेक्षा थोडं लांब असतं. तुमच्या भावाचं डावंच मोडलंय. म्हणजे उजव्याशी तुलना केली तर खरा आखूडपणा एखाद-दोन मिलिमीटरनं लपूही शकतो. एवढ्यानं काही बिघडत नाही, पण १८ मिलिमीटर आणि २१ मिलिमीटर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. अनुभवी अस्थितज्ज्ञांना एकसारख्या फिल्म देऊन आखूडपणा मोजायला लावला, तेव्हा त्यांच्यातही एकमत फारसं झालं नाही. अभ्यासांत हे नोंदलेलं आहे.

चुलत्यांच्या फूटपट्टीचं सांगतो, कारण घरोघरी हे चालतं. हल्लीचा डिजिटल एक्स-रे फिल्मवर बसावा म्हणून लहान करून छापतात. दोन्ही खांद्यांसकट माणूस आडवा ४० सेंटिमीटरच्या आसपास भरतो आणि फिल्म असते आठ बाय दहा इंचाची, म्हणजे २५ सेंटिमीटरसुद्धा जेमतेम. तेवढ्यात तो मूळ मापानं मावेल कसा? त्या छापील चित्रावरचे आठ मिलिमीटर म्हणजे हाडातले किती, हे चित्र किती लहान केलंय त्यावर ठरतं. खरं माप एक्स-रे सेंटरच्या कॉम्प्युटरवर तिथल्या मोजपट्टीनंच घ्यावं लागतं. पुण्याच्या डॉक्टरांनी तर खिडकीला धरलेल्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाहिला. त्यांनी 'दीड असेल' म्हटलं, त्यातला 'असेल' ऐकायला हवा होता. त्यांना फोटो पाठवायचाच असेल तर सेंटरमधून मूळ डिजिटल फाइल सीडीवर किंवा लिंकवर मागून घ्या.

टेपनंही मोजता येतं आणि ते मला आवडतं, कारण त्यात रुग्णाला हात लागतो. शर्ट काढून स्टुलावर बसवायचं, दोन्ही हात सैल. गळ्याखालच्या खोबणीच्या बाजूला हाड जिथं सुरू होतं तिथं पेनानं खूण करायची. मग हाडावरून बोट बाहेर सरकवत न्यायचं. खांद्याच्या टोकाआधी बोटाला एक लहानशी पायरी लागते, तिथं दुसरी खूण. हेच दुसऱ्या बाजूला, मग टेप. अडचण अशी की पहिल्या आठवड्यात सूज इतकी असते की ती पायरी बोटाला लागतच नाही. म्हणून हे माप फिल्मच्या जोडीला घ्यायचं, त्यावर एकट्यावर ऑपरेशन ठरवायचं नाही. सिटी स्कॅनचा आग्रह धरू नका. माप बारीक येतं हे खरं, पण तोही झोपवूनच काढतात. उभ्यानं खांदा किती घसरतो ते त्यात दिसत नाही, खर्च होतो तो वेगळाच.

तेव्हा पुढचं काम एवढंच. अपघाताला दहा-बारा दिवस होतील तेव्हा, सूज उतरल्यावर, छातीची उभी फिल्म, पाठीकडून एक्स-रे, दोन्ही कॉलर बोन पूर्ण. माप कॉम्प्युटरवर, दोन्ही बाजूंचं, मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून. ती फिल्म घेऊन उदगीरच्या डॉक्टरांकडे आधी जा, मग हवं तर लातूरला. एकच चित्र समोर असलं की दोघांचं मत जवळ येण्याची शक्यता मला बरीच वाटते. दहा-बारा दिवसांवर माझा जोर आहे कारण ऑपरेशन करायचंच ठरलं तर ते दोन-तीन आठवड्यांच्या आत सोपं जातं. नंतर नवं हाड धरायला लागतं आणि तुकडे मोकळे करताना जास्त खटपट होते.

आता सगळ्यांच्या तोंडी असलेले ते २ सेंटिमीटर. एकेकाळी हे हाड आपोआप जुळतंच अशी डॉक्टरांचीही समजूत होती. १९६० साली अमेरिकेत छापलेल्या एका आढाव्यात मधोमध मोडलेल्या २२३५ जणांपैकी फक्त तिघांचं हाड न जुळलेलं होतं. मग १९९७ मध्ये तिकडच्याच डॉक्टरांनी तुकडे पूर्ण सरकलेले ५२ रुग्ण तपासले. ज्यांचं हाड २ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त आखूड होतं त्यांच्यात न जुळण्याचं आणि समाधान न होण्याचं प्रमाण जास्त निघालं. तिथून हा आकडा जगभर गेला. २००६ मध्ये आणखी एका अभ्यासात पुरुषांसाठी १८ आणि बायकांसाठी १४ मिलिमीटर ही सीमा आली. तेही पटण्यासारखं आहे, कारण बायकांचं हाड लहान असतं. १५ सेंटिमीटरच्या हाडातले २ गेले तर १३ टक्के, १३ सेंटिमीटरच्या हाडातले तेवढेच गेले तर १५ टक्क्यांच्या वर. पुढच्या काही अभ्यासांत मात्र आखूडपणा आणि हाताची ताकद यांचं स्पष्ट नातं दिसलंच नाही. म्हणून २ सेंटिमीटरला मी सावध करणारी खूण मानतो, फर्मान नाही.

प्लेटचा फायदा कुठं दिसतो ते पक्कं ठाऊक आहे. २०१७ मध्ये इंग्लंडच्या एका मोठ्या चाचणीत तुकडे पूर्ण सरकलेल्या ३०१ रुग्णांपैकी काहींना प्लेट आणि काहींना हात गळ्यात अडकवायची नुसती झोळी दिली. नऊ महिन्यांनी झोळीवाल्यांत शंभरात ११ जणांचं हाड जुळलं नव्हतं, प्लेटवाल्यांत शंभरात एखाद्याचं. पहिल्या दीड ते तीन महिन्यांत प्लेटवाले हात चांगला वापरत होते. नऊ महिन्यांनी दोन्ही गट सारखे. म्हणजे प्लेट हाड जुळण्याची खात्री वाढवते आणि हात लवकर चालता करते, पुढं जाऊन हातात फार फरक पाडत नाही. हे उलटूनही वाचा. शंभरातल्या ८९ जणांचं हाड ऑपरेशनशिवाय जुळलं.

तुमच्या भावापुरतं बोलायचं तर मी आकड्याच्या आधी दोन गोष्टी विचारीन. तुकडे एकमेकांना कुठं तरी टेकलेत का, आणि मध्ये चुरा झालाय का. उभ्या फिल्ममध्ये टेकलेले असतील, चुरा नसेल आणि आखूडपणा दीडच्या आसपास असेल, तर मी झोळीच देईन. अजिबात टेकलेले नसतील, चुरा असेल आणि माप खरंच अडीचला जात असेल, तर लातूरच्या डॉक्टरांचा सल्ला मला रास्त वाटतो. कारण हा माणूस टेबलावर बसून काम करत नाही. सोयाबीनच्या हंगामात दिवसभर ५०-६० किलोचे कट्टे उचलणाऱ्याला न जुळलेलं हाड परवडत नाही.

पण हमालासाठी प्लेटचीही एक बाजू आहे आणि ती ऑपरेशनआधी विचारून घ्या. प्लेट बहुधा हाडाच्या वरच्या अंगाला बसवतात. नेमका तिथंच कट्टा येतो. कातडी पातळ, खाली धातू, वर गोणपाटाचं घासणं. दुखतं, आणि मग पुढं प्लेट काढायची वेळ येते. ती काढल्यावर स्क्रूची भोकं भरून येईपर्यंत पुन्हा काही आठवडे वजन बंद. प्लेट हाडाच्या पुढच्या बाजूला बसवता येईल का, हे सर्जनला सरळ विचारा. सांगा की पेशंट खांद्यावर ओझं वाहतो. फ्रॅक्चरच्या जागेनुसार ते हो किंवा नाही म्हणतील, पण त्यांना हे माहीत हवं. चिरेखाली छातीवर थोडी बधिरता बऱ्याच जणांना राहते, तिला घाबरू नये. जंतुसंसर्गाचा धोका कमी असला तरी असतो. आणि प्लेट टाकली म्हणजे महिन्याभरात कट्टा उचलायचा असा अर्थ होत नाही. एक्स-रेमध्ये हाड धरलेलं दिसेपर्यंत, साधारण तीन महिने, कट्ट्याला हात नाही. झोळीवाल्यालाही तेवढाच वेळ धरा.

पट्ट्याबद्दल एक गैरसमज काढून टाका. पाठीवर आठ आकड्यासारखा बांधतात तो पट्टा करकचून आवळला की हाड लांब होतं, असं नाही. १९८७ पासून माहीत आहे की साध्या झोळीनंही हाड तसंच जुळतं आणि त्रास कमी होतो. पट्टा दिलाच असेल तर काखेत काचत नाही ना, हाताला मुंग्या येत नाहीत ना, एवढं बघा. बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवत ठेवायचं. हात खांद्याच्या वर नेणं मात्र डॉक्टर सांगतील तेव्हाच.

हाडवैद्याकडं नेऊ नका. ओढून बसवलेले तुकडे हात खाली सोडला की पुन्हा घसरतात, आणि या हाडाच्या लगेच खाली हाताची मोठी रक्तवाहिनी, हाताच्या सगळ्या नसा आणि फुप्फुसाचं टोक आहे. तेल चोळणंही नको. भाऊ बिडी-सिगारेट ओढत असेल तर आजपासून बंद. धूम्रपानानं हे हाड न जुळण्याचा धोका वाढतो, हे नक्की. गुटखा, तंबाखू खात असेल तर तेही सोडायला सांगा. निकोटिन त्यातही आहे.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाही, पण तो प्रश्न असणारच. ऑपरेशन ठरलं तर लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात चौकशी करा. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा, नंतर नाही.

आणि आईंना सांगा, झोळीनं जुळलं तर हाडावर एक गाठ राहील आणि खांदा बारकाईनं बघणाऱ्याला थोडा आत वाटेल. प्लेट टाकली तर त्याच जागी बोटभर लांब व्रण राहील. शर्ट घातला की दोन्ही दिसत नाहीत. त्यामुळे लग्नासाठी म्हणून ऑपरेशन करू नका.